आधी वाद, मग दुष्काळ, मग प्लेग : पंडिता रमाबाईंचं ‘मुक्ती’ कसं उभं राहिलं?

पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव लागतं. इथलं ‘मुक्ती मिशन’ अनेकांना ऐकून माहीत असतं. पण हा ख्रिस्ती समाज उभा राहण्याआधी त्याच्या संस्थापिकेच्या कामावर पुणे शहरात एकामागून एक संकटं आली होती. नेमकं काय झालं होतं?

पहिला धक्का : १८९३

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केलं. विधवा आणि निराधार मुलींना तिथे राहता आणि शिकता येत होतं. १८९० मध्ये सदन पुण्यात आलं.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. तरीही शाळेत धर्माची सक्ती होणार नाही, असं आश्वासन असल्याने न्यायमूर्ती रानडे, रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार म्हणून सोबत होते. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि वाद पेटला. आपली प्रार्थना उघड्या दाराआड चालते, येणं-न येणं मुलींच्या मनावर आहे, असं रमाबाईंचं म्हणणं. आश्वासन मोडलं, असं टीकाकारांचं म्हणणं. ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

सदन बंद पडलं नाही, पण शहरातला आधार गेला.

जमीन का घेतली?

सदनाचा खर्च अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनच्या देणग्यांवर चालायचा. ही मदत दहा वर्षांसाठीच कबूल झाली होती. ती संपल्यावर काय? म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खणायच्या, शेती आणि फळबाग करायची, त्यातून संस्था चालवायची, असा हिशेब होता.

दुष्काळ आणि प्लेग एकदम

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंनी स्वतःचे आई-वडील आणि मोठी बहीण दुष्काळातच गमावली होती. त्या तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या.

पण त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. नव्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. इमारत नाही, आलेल्या मुली उपासमारीने खंगलेल्या.

पुण्यातल्या प्लेग छावण्यांमध्ये स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारवर उघड टीकाही केली. म्हणजे आधी शहरातले पुढारी दुरावले होते, आता सरकारशीही खटका उडाला.

मग सावरलं कसं?

एका रात्रीत काहीच झालं नाही. तीन गोष्टी मात्र सातत्याने होत राहिल्या.

एक, जुन्या मुलींनी नव्यांना सांभाळलं. शारदा सदनात शिकलेल्या मुली आता शिक्षिका आणि शुश्रूषा करणाऱ्या झाल्या. एकेकीकडे नव्या मुलींची जबाबदारी आली.

दोन, प्रत्येकीला काम मिळालं. शेती, गाई-गुरं, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना. ज्यांना समाजाने ‘पतित’ ठरवलं त्यांच्यासाठी ‘कृपा सदन’ निघालं. अंध मुलींना रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवू लागली.

तीन, रोजची प्रार्थना चुकली नाही. १८९८ पासून ‘मुक्ती’ उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून उभी राहिली. पुण्यात ज्यावरून वाद झाला होता, तो प्रश्न इथे संदिग्ध राहिला नाही. पुढे मोठं चर्चही बांधलं गेलं.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि वस्ती दीड हजारांच्या पुढे गेली.

सगळ्यात लांबचं काम

बायबलचं तेव्हाचं मराठी भाषांतर सामान्य बायकांना जड जातं, असं रमाबाईंना वाटत होतं. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत नवं भाषांतर हाती घेतलं. ते काम जवळपास दीड तप चाललं. १९२१ मध्ये मनोरमा गेल्या. लेकीच्या मागे आई काम करत राहिली, भाषांतर पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचंही निधन झालं.

हे बायबल केडगावच्याच छापखान्यात छापलं गेलं. खिळे जुळवणाऱ्या आणि छपाई करणाऱ्या होत्या तिथल्याच बायका. त्यांच्यापैकी अनेकींना मुक्तीत येण्याआधी अक्षरओळखही नव्हती.

रमाबाईंच्या पश्चात १०० वर्षं उलटली. मुक्ती मिशन आजही केडगावला निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करतंय.