पदवीचा ताळेबंद

मे-जून आला की शिवाजी विद्यापीठाचे निकाल लागू लागतात. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांतल्या घरांत पेढे वाटले जातात, गुणपत्रिकेचा फोटो नातेवाइकांच्या मोबाईलवर फिरतो, मामू-फुफींचे फोन येतात. आठवडाही होत नाही तोच प्रश्न सुरू होतात. मुलगा असेल तर, ‘आता नोकरी कुठे?’ मुलगी असेल तर, ‘आता रिश्ता कुठे?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्याआधी विचारायचा एक प्रश्न घराघरांत राहून जातो. या तीन वर्षांत आपले मूल घडले किती आणि कसे?

आपल्या समाजात हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. २००६ साली सच्चर समितीने देशासमोर जे आकडे ठेवले, त्यांत एक आकडा असा होता की, वीस वर्षांवरील भारतीयांत पदवीधर वा पदविकाधारक सुमारे सात टक्के, तर मुस्लिमांत चार टक्क्यांहूनही कमी. ती आकडेवारी २००१ च्या जनगणनेची होती. तेव्हापासून पुष्कळ पाणी कृष्णेच्या घाटावरून वाहून गेले, वर्गात मुली दिसू लागल्या, अलहम्दुलिल्लाह. तरी आजही आमच्या वाईत अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारे मूल हे घरातले पहिलेच असते. पहिल्या मुलाला रस्ता दाखवायला पुढे कोणी नसते. त्याचे काय झाले, हे मागून येणारी भावंडे बघत असतात.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या हाताखालून गेलेली एक मुलगी यंदा बी.कॉम. झाली. नाव मुद्दाम देत नाही. तिच्या अब्बांचे गाद्यांचे दुकान आहे. दुकान अब्बा आणि चाचा मिळून चालवतात. निकालानंतर ती भेटायला आली तेव्हा आम्ही तिला टक्के विचारले नाहीत. विचारले, “बेटा, कॉलेजात जाताना होतीस त्यापेक्षा आज काय वेगळे आहे?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सर, पहिल्या वर्षी मला प्रश्न यायचा, पण विचारायला तोंड उघडायचे नाही. आता उघडते.”

ऐकायला साधी गोष्ट आहे. पण ते तोंड उघडायला तीन वर्षे लागली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरात दखनी बोली आणि कॉलेजात पुस्तके इंग्रजी. पहिले सहा महिने ती शेवटच्या बाकावर बसून फक्त लिहून घेत होती. दुसऱ्या वर्षी परिव्ययलेखनात, म्हणजे कॉस्टिंगमध्ये ती नापास झाली. घरात अम्मीखेरीज कोणालाही सांगितले नाही. एटीकेटी घेऊन पुढच्या वर्गात गेली, मैत्रिणीबरोबर रोज तासभर गणिते सोडवली आणि विषय सोडवला. “नापास झाले तेव्हा वाटले सगळे संपले. पण दुसऱ्या दिवशीही कॉलेज भरलेच होते,” असे ती हसत म्हणाली. अपयश पचवायची ही ताकद गुणपत्रिकेवर कुठेच छापलेली नसते.

पुढे राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आले. घरातून परवानगी मिळेना. शेवटी दादी म्हणाली, “जाऊ दे, चार मुलींत राहील, चार मुलींसारखी होईल.” त्या सात दिवसांत तिने खेड्यात बंधाऱ्यासाठी दगड उचलले, दहा जणींसाठी भाकऱ्या थापल्या. एका मराठा घरातल्या आजीने तिच्याकडून बँकेचा फॉर्म भरून घेतला. तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी बाजारपेठेतल्या दुकानदारांना भेटून मोबाईलवरून पैसे घेण्याबद्दल प्रश्न विचारायचे होते. ज्या बाजारातून ती मान खाली घालून जायची, त्याच बाजारात वही घेऊन ती पंधरा दुकानांत गेली. पर्दा होता, अदब होता आणि आवाजही होता. यांतली एक गोष्ट दुसरीच्या आड येत नाही, हे तिने आपल्या वागण्याने दाखवले.

घरातली वही

पण खरी परीक्षा घरात झाली. दुसऱ्या वर्षापासून तिने दुकानाचा हिशेब लिहायला घेतला होता. आधी रोजकीर्द, मग खतावणी. तोवर सारा हिशेब अब्बांच्या डोक्यात आणि कॅलेंडरच्या मागच्या पानावर. लग्नसराई संपल्यावर तिने बेरीज करून दाखवली की विक्री चांगली असूनही हातात पैसा नाही, कारण दहा गाद्यांतल्या चार उधारीवर जातात आणि त्यांतली एक उधारी परत येतच नाही. अब्बांना हे कौतुकाचे वाटले.

चाचांच्या पानावर आल्यावर मात्र घर गरम झाले. काही वर्षांपूर्वी कापूस पिंजण्याचे यंत्र घ्यायला अब्बांनी चाचांना आपल्या बचतीतून रक्कम दिली होती. किती दिली, किती परत आली, याचा कागद नव्हता. अब्बा एक आकडा सांगत, चाचा दुसरा. दोघेही प्रामाणिक, दोघांचीही आठवण थकलेली. मुलगी म्हणाली, “जे आठवते ते दोघांनी बसून ठरवा आणि लिहून सही करा.” चाचा दुखावले. “भावाभावांत कागद कशाला? चार बुके शिकली आणि आमच्यावरचा विश्वास उडाला का?” त्या रात्री चाचा न जेवताच गेले. अब्बाही मुलीवर रागावले. वही आठ दिवस बंद राहिली.

ती उघडली दादीने. दादीने कुरआनचा तर्जुमा मागवला आणि मुलांना समोर बसवून सूरह अल-बकराची २८२ वी आयत वाचायला लावली. साऱ्या कुरआनात सर्वांत लांब आयत तीच. आणि ती कशाबद्दल आहे? मुदतीच्या उधारीच्या व्यवहाराबद्दल. व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा, साक्षीदार ठेवावेत, रक्कम छोटी असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. लिहिणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. लिहिल्यामुळे शंकेला जागा उरत नाही आणि नाते वाचते. पुढच्या जुम्याला नमाजनंतर दोघे भाऊ बसले, आकडा मधोमध ठरला, मजकूर चाचांनी सांगितला, मुलीने लिहिला, दादी आणि शेजारचे दोघे साक्षीला होते.

वाचकहो, बी.कॉम.च्या तीन वर्षांचे फळ आम्हाला इथे दिसले. पुस्तकातली नोंद करायला कोणीही शिकेल. पण घरातल्या मोठ्यांसमोर, आवाज न चढवता, माघार न घेता, योग्य ते बोलायला शिकणे याला आम्ही तालीम म्हणतो.

ही विद्या परकी नाही

काही पालक म्हणतात, कॉमर्स आपले क्षेत्र नाही. आम्ही वर्गात मुलांना मराठी व्यापाराचे शब्द फळ्यावर लिहून देतो. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, कर्ज, वसूल, नफा हे सगळे अरबीतून, बरेचसे फारसीच्या वाटेने, मराठीत आले. दुकान, तराजू, हप्ता हे शब्द फारसीने दिले. तोटा मात्र इथलाच, असे म्हटले की वर्ग हसतो. ज्या विद्येचे निम्मे शब्द आपल्या ओळखीचे, ती विद्या परकी कशी? हजरत खदीजा (रजि.) मक्केतल्या नामवंत व्यापारी होत्या आणि त्यांचा माल घेऊन शामच्या बाजारात गेलेले प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना लोक आधीपासूनच ‘अमीन’ म्हणत. मापात कमी देणाऱ्यांना इशारा देणारी एक पूर्ण सूरह कुरआनात आहे, सूरह अल-मुतफ्फिफीन. आपल्या दीनने व्यापाराला इज्जत दिली, ती हिशेबाच्या चोखपणासकट.

मुलग्यांचे काय?

वर्गात मुली टिकतात आणि मुलगे दुसऱ्या वर्षाला गळतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. टेम्पो, गॅरेज, पाचगणी-महाबळेश्वरचा हंगाम. हातात रोज पैसा येऊ लागला की पुस्तक मागे पडते. अशा मुलाला नावे ठेवू नका, त्याच्या कमाईवर घर चालत असेल. पण शिक्षणाचे दार बंद झाले असेही समजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट याच सातारा जिल्ह्यात घालून दिली. १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. काम सांभाळून तिथून बी.कॉम. करता येते.

ज्यांची पदवी झाली, त्यांच्यासाठीही वाट पुढे जाते. बी.कॉम.ला किमान ५५ टक्के गुण असतील तर सीएची फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. २०२३ मध्ये आलेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिपचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. उच्च शिक्षणासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची कर्ज योजना आहे. ज्यांना पुढे शिकायचे नाही, त्यांनी जीएसटीचे विवरणपत्र भरायला आणि संगणकावर हिशेब ठेवायला शिकावे. हे काम वाईसारख्या गावातही मिळते आणि मुलींना घराजवळ करता येते.

पालकांना एवढीच विनंती की निकालाच्या दिवशी पेढा तोंडात घालण्याआधी मुलाला जवळ बसवा. तीन वर्षांत कशाची भीती गेली, कुठे पडलास आणि कसा उठलास, कोणती नवी माणसे जोडलीस, आणि घरासाठी आता काय करू शकतोस, हे विचारा. उत्तर मध्येच तोडू नका. आणि घरातले एक काम त्याच्या किंवा तिच्या हातात द्या. मग ती दुकानाची वही असो, बँकेचे काम असो की धाकट्या भावंडांची फी. शिकलेल्या मुलाला घरात जबाबदारी मिळाली नाही तर पदवी भिंतीवरच्या फ्रेममध्ये राहते.

त्या मुलीसाठी सध्या एक रिश्ता आला आहे. मुलाकडच्यांनी निरोपात विचारले, “मुलगी किती शिकली?” अब्बांनी उत्तर पाठवले, “बी.कॉम. झाली, सीएची तयारी करते आहे आणि आमच्या दुकानाचा हिशेब तिच्याकडे आहे. निकाहनंतरही शिकू देणार असाल तर या.” अजून जबाब आलेला नाही. रिश्ता जुळेल न जुळेल, अल्लाह बेहतर जाणतो. पण तीन वर्षांपूर्वी हेच अब्बा मुलीला कॉलेजात घालावे की नाही म्हणून आमच्याकडे सल्ला मागायला आले होते. तेव्हा मुलीबरोबर घरही शिकले, असेच आम्ही म्हणू.