परदेशी जाताना घरचं सामान: काय न्यावं, काय ठेवावं आणि कुणाकडे



सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आखातात कामाला गेलेली माणसं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. आता गटातल्या बायकांच्या लेकीसुनाही नोकरीसाठी नाहीतर नवऱ्याबरोबर बाहेर निघाल्यात. बैठकीत हप्त्यांचा हिशेब संपला की विषय निघतो: तिकीट काढलं, पण भरल्या घराचं काय करायचं? आज त्याबद्दलच बोलू या.

आधी भाडं कसं मोजतात ते पाहू. जहाजाने घरसामान पाठवलं तर पैसे बहुधा वजनाचे नसतात, जागेचे असतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच, हा झाला एक घनमीटर. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण 33 घनमीटर जागा असते. दोन खोल्यांच्या संसाराला एवढी लागत नाही, म्हणून अनेकांचं सामान एकाच कंटेनरमधून जातं आणि ज्याने जेवढी जागा घेतली तेवढे त्याचे पैसे. नाशिकहून ट्रकने न्हावाशेवा बंदर, तिथे कस्टमची तपासणी, मग जहाज. यात कित्येक आठवडे जातात. पहिल्या महिन्यात लागेल असं काहीही त्यात टाकू नका.

विमानाचा हिशेब वेगळा. खोक्याचं काट्यावरचं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यांतलं जास्त असेल ते धरतात. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात आणि 5000 ने भागतात. 60 बाय 50 बाय 40 चं खोकं घ्या, उत्तर येतं 24 किलो. आत आजीने शिवलेल्या दोन गोधड्या असल्या आणि काट्यावर सहाच किलो भरल्या, तरी बिल 24 किलोचं! म्हणून गोधडी न्यायचीच असेल तर स्वतःच्या प्रवासाच्या बॅगेत दाबून बसवा. तिथे काट्यावरचं वजन धरतात.

भाव विचारताना एक प्रश्न सोडू नका: हा दर तिथल्या घराच्या दारापर्यंतचा की नुसता बंदरापर्यंतचा? स्वस्त दर पुष्कळदा बंदरापर्यंतचा असतो. मग पलीकडची हमाली, तिथलं कस्टम, गोदामभाडं आणि घरपोच गाडी वेगळी. सामान अडकून पडलं की गोदामभाडं रोज चढतं. दर लेखी घ्या, विम्याचंही लेखी घ्या. आपण स्वतः भरलेल्या खोक्यात काही फुटलं तर विमा कंपन्या बहुधा भरपाई देत नाहीत. काचसामान त्यांच्याच माणसांकडून बांधून घ्यावं. यादीत ‘घरगुती सामान’ एवढंच लिहू देऊ नका. कुकर, तवा, पुस्तकं, असं खोक्यागणिक लिहा.

आता काय नेऊ नये. आपली वीज 230 व्होल्टची, अमेरिकेतली 120 ची. इथला मिक्सर तिथे नुसती पिन बदलून चालत नाही. जर्मनी, ब्रिटन, दुबईला व्होल्टेज आपल्यासारखं आहे, तिथे प्रश्न फक्त पिनचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड झाडापाल्याच्या बाबतीत फार कडक. सूप, केरसुणी, बी-बियाणं, लाकडी पाट, सगळं आधी लिहून द्यावं लागतं, तपासणी होते, आणि कीड दिसली तर वस्तू नष्टही करतात. सामान लाकडी पेटीत जाणार असेल तर त्या लाकडाला 56 अंशांवर अर्धा तास उष्णता दिल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो.

आणि खसखस! दुबई-अबुधाबीला खसखस न्यायला बंदी आहे, कारण ते अफूच्या बोंडातलं बी. आपल्या मसाल्यात ती असते, अनारशावर असते, डिंकाच्या लाडवात असते. सासूबाईंनी प्रेमाने बांधून दिलेला डबा विमानतळावर मुलीला अडचणीत आणू शकतो. तिकडे जाणाऱ्या लेकीसाठी मसाला वेगळा कुटा.

देवघरातल्या जुन्या वस्तूंचं पुष्कळांना माहीत नसतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, चित्र, कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखित पोथीला ही मर्यादा 75 वर्षांची. पणजीच्या काळचा बाळकृष्ण न्यायचा म्हणत असाल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्यावा लागतो. आमचं मत विचाराल तर असा देव घरच्या कुणाकडे पूजेला द्यावा आणि भांडी बाजारातून नवा न्यावा.

मागे राहणाऱ्या सामानाची जागाही बघून निवडा. गोदाकाठच्या तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 च्या पुरात सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत पाणी आलं होतं. माळा कोरडा हवा. तांब्यापितळेची भांडी पूर्ण वाळवून कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. फ्रीज आतून पुसून दार थोडं उघडं ठेवा. गॅसचं कनेक्शन एजन्सीत जमा करा, अनामत परत मिळते.

सामान ठेवलं, पण ते कुणाचं? सून नवऱ्याबरोबर जाते, तिचे दागिने, भांडी, शिलाई मशीन सासरी राहतं. दोन वर्षांनी परत आली की ‘ते तर धाकटीच्या लग्नात दिलं’ असं ऐकू येतं. प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की स्त्रीधन हे पूर्णपणे तिचंच. सासरच्यांकडे ते सांभाळायला दिलेलं असतं, मागितलं की परत द्यावं लागतं. लग्नातल्या भेटवस्तूंची लेखी यादी करून वधूवरांनी त्यावर सह्या करायच्या, हा नियमही 1985 चाच. आपल्याकडे ती यादी क्वचितच होते. तेव्हा निदान जाताना तरी करा. वस्तू, वजन, पावती असेल तर पावती, मोबाइलवर फोटो आणि ज्याच्याकडे ठेवलं त्याची सही. सही मागायला संकोच वाटतो हे आम्ही जाणतो. ‘विम्यासाठी लागते’ म्हणून सगळ्याच सामानाची यादी एकदम करा, म्हणजे एकट्या दागिन्यांवर कुणाचं बोट राहत नाही.

सोनं लॉकरमध्ये ठेवणार असाल तर लॉकर स्वतःच्या नावावर किंवा जोडनावावर असावा, वारस नोंदवलेला असावा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासून लागू नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत पडणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं 2000 असेल तर दोन लाख. त्याहून जास्त सोनं असेल तर वेगळा विमा काढा. शिवाय सात वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि बँकेला तुमचा पत्ता लागला नाही, तर भाडं चालू असूनही बँक तो उघडू शकते. सुट्टीवर आलात की एकदा जाऊन या, आणि नवा पत्ता, नवा फोन नंबर बँकेत कळवा.

अंगावर जास्त दागिने घालून जाणार असाल तर निघतानाच विमानतळावर कस्टमच्या खिडकीवर ते दाखवून दाखला घ्या. परत येताना हे सोनं इथलंच होतं, हे त्या कागदावरून सिद्ध होतं. त्यासाठी पावत्या हातातल्या बॅगेत ठेवा आणि विमानतळावर तासभर आधी पोहोचा.