भूमीच्या पोटातील धोके आणि त्यांची नोंद

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्याचे खर्डा हे गाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांमुळे सर्वांना परिचित आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई येथे झाली. निजामाला खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला आणि अखेर तह मान्य करावा लागला. किल्ल्याची तटबंदी आजही पाहावयास मिळते. परंतु ही तटबंदी ज्या भूमीवर उभी आहे तिच्या पोटात काय आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. खर्ड्याच्या शिवारात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, त्याच कुळातील पाषाण मुंबईच्या उत्तुंग इमारतींचा भार वाहतो. म्हणूनच महानगराच्या भूमीत दडलेल्या धोक्यांचा विचार हा केवळ शहरातील अभियंत्यांचा विषय नाही. गावची शाळा, पाण्याची टाकी, समाजमंदिर किंवा पूल बांधताना ग्रामपंचायतीलाही याच प्रश्नाला सामोरे जावे लागते.

हा धोका बहुधा फार खोल किंवा गूढ नसतो. बुजविलेली विहीर, भराव घातलेला ओढा, झाकलेले तळे, मऊ मातीचा थर ही त्याची नेहमीची रूपे होत. यांतील बहुतेक गोष्टी एके काळी कोणाला तरी ठाऊक होत्या. नोंद न राहिल्यामुळे त्या विस्मृतीत गेल्या आणि विस्मृतीमुळेच धोकादायक ठरल्या.

पाषाणाची उतरंड

सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हारस वारंवार बाहेर आला आणि थरांवर थर साचत गेले. ‘दख्खनचा सोपान’ या नावाने ओळखला जाणारा हा बेसाल्टचा प्रदेश सुमारे ५ लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला असून महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून अधिक भाग त्याने व्यापला आहे. त्याची जाडी सर्वत्र सारखी नाही. किल्लारीजवळ घेतलेल्या ६१७ मीटर खोलीच्या संशोधन-विवरात सुमारे ३३८ मीटरपर्यंतच बेसाल्ट आढळला. पश्चिमेकडे ही जाडी वाढत जाते.

वरवर एकसंध भासणारा हा पाषाण प्रत्यक्षात एखाद्या उतरंडीसारखा आहे. विहीर खणणाऱ्या कारागिरांनी त्याचे वर्गीकरण आपल्या भाषेत केव्हाच करून ठेवले आहे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग मऊ मांजऱ्या, त्याखाली कठीण काळा पाषाण आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कधीकधी गेरूसारखा लाल थर. या प्रत्येकाची वर्तणूक निराळी असते. मुरूम चांगला दाबून बसतो व साध्या इमारतीला पुरेसा आधार देतो. काळा पाषाण अत्यंत बळकट असला, तरी त्यातील उभ्या-आडव्या भेगांतून पाणी वाहते. याउलट बारीक पोकळ्या खनिजांनी भरून निघालेला, फारशा भेगा नसलेला बेसाल्ट भुयारासाठी अनेकदा अधिक सोयीचा ठरतो. लाल थर उघडा पडून भिजला की झिजू लागतो आणि त्यावरील कठीण पाषाणाचा आधार निखळतो. तेव्हा केवळ ‘पाषाण लागला’ एवढ्याने अभियंत्याचे समाधान होत नाही. तो कोणता, किती जाडीचा आणि त्याच्या खाली काय, हे पाहावे लागते.

काळी आणि पांढरी

आपल्या पूर्वजांनी गावाच्या भूमीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग केले. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी. या विभागणीत व्यवहाराचे मोठे शहाणपण होते. काळ्या मातीतील चिकणमातीचे सूक्ष्म कण पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. म्हणूनच वैशाखात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत उथळ पाया घातला, तर तो दरवर्षी थोडा उचलला जातो आणि थोडा खचतो. भिंतींना तिरप्या भेगा पडतात, दारे-खिडक्या नीट लागेनाशा होतात. यावर उपाय आहे. शक्य तेथे पाया मुरमापर्यंत नेणे हा पहिला, आणि तळाशी फुगीर असलेले खोल काँक्रीटचे खांब घालणे हा दुसरा. या खांबांची पद्धत रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केली.

मात्र पांढरीही सर्वस्वी निर्धोक नसते. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या मातीच्या भिंती, राख व राडारोडा यांची ती साठवण असते. तिच्यात जुनी पेवे असू शकतात. धान्य साठविण्यासाठी खणलेली ही भूमिगत कोठारे वापरातून गेली. काही बुजविली गेली, काहींवर केवळ झाकण राहिले. अशा पोकळीवर नवा पाया आला, तर एका कोपऱ्याचा आधार नाहीसा होतो.

नावांत उरलेल्या खाड्या आणि तळी

जे गावात लहान प्रमाणावर घडते, तेच मुंबईत विशाल प्रमाणावर घडले आहे. आजचे मुंबई शहर मूळच्या सात बेटांचे बनले आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळी आणि महालक्ष्मी यांमधील खिंडारावर बांध घालण्यात आला आणि भरतीचे पाणी अडविले गेले. पुढे टेकड्या फोडून, खाड्या भरून बेटे जोडली गेली. मलबार हिल ते वरळी ही पश्चिमेची पाषाणरांग आणि शिवडीकडील पूर्वेची रांग यांच्यामधील सखल पट्ट्यात समुद्री चिखल, वाळू आणि माणसाने घातलेला भराव आहे. त्यामुळे दोन शेजारच्या भूखंडांपैकी एकावर पाषाण हाताशी, तर दुसऱ्यावर बराच खोल, असा अनुभव येतो.

या दडलेल्या भूगोलाची सर्वांत स्वस्त नोंद स्थळनामांत आहे. पायधुनी म्हणजे खाडीचे पाणी ओलांडून येणाऱ्याने पाय धुण्याची जागा. उमरखाडी हे नाव मुंबई आणि माझगाव या बेटांमधील खाडीचे. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक येथे खरोखरच तळी होती. ती कालांतराने बुजविण्यात आली. पाणी गेले, नाव उरले.

समुद्री चिखलाचा धोका समजून घेण्यासारखा आहे. त्याच्या कणांमधील पाणीही भार वाहण्यास मदत करीत असते. शेजारी खोल खोदकाम करून पाण्याचा सतत उपसा केला, की भूजलाची पातळी उतरते, कणांवरील भार वाढतो आणि चिखल हळूहळू दबतो. खोदकाम एका भूखंडावर होते आणि तडे दुसऱ्याच्या जुन्या इमारतीला जातात. म्हणूनच कुलाबा-वांद्रे-सीप्झ या ३३.५ किलोमीटर लांबीच्या, जवळजवळ संपूर्णपणे भूमिगत मेट्रो मार्गासारख्या कामात आधी विवरे घेऊन पाषाणाचे नमुने तपासावे लागतात आणि काम चालू असता इमारतींच्या हालचालींवर व भूजलाच्या पातळीवर लक्ष ठेवावे लागते. गिरगाव-काळबादेवीच्या दाट वस्तीखालून आणि मिठी नदीखालून जाणारा हा मार्ग २०२४ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने खुला होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णतः सुरू झाला.

झाकलेली विहीर

१३ जून २०२१ रोजी घाटकोपर येथील एका गृहसंकुलाच्या आवारात उभी असलेली मोटार पाहता पाहता भूमीत गडप झाली. तेथे जुनी विहीर होती. तिच्या काही भागावर काँक्रीटचे आच्छादन घालून वाहने उभी केली जात होती. २० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यात शहर टपाल कार्यालयाच्या आवारात महानगरपालिकेचा टँकर असाच जमीन खचून खड्ड्यात गेला; त्या जागी जुनी विहीर असल्याचे सांगण्यात आले. सुदैवाने या दोन्ही घटनांत प्राणहानी झाली नाही. इंदूर येथे मात्र ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मंदिरातील बावडीवरील छत कोसळून ३६ भाविकांना प्राणास मुकावे लागले.

अशा दुर्घटनेची कारणपरंपरा साधी आहे. पाण्याच्या वाफेने आच्छादनातील सळया गंजतात आणि काँक्रीट कमकुवत होते. विहीर कचऱ्याने किंवा सैल मातीने भरलेली असेल, तर कचरा कुजतो, माती बसते आणि वर पोकळी तयार होते. गळक्या जलवाहिनीमुळे बारीक माती वाहून गेली, तर ही पोकळी आणखी वाढते. पृष्ठभागावर काहीच दिसत नाही. पावसाळ्यात भार वाढताच तो एकाएकी खाली जातो.

भूकंप आणि मऊ जमीन

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत हजारो लोक मृत्युमुखी पडले. भूकंपाचे केंद्र ३५० किलोमीटरहून अधिक दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ होते. परंतु शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या गाळावर वसला आहे. त्या मऊ गाळाने हादरे कित्येक पटींनी वाढविले. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार लोकांचा बळी गेला. तेथील हानीचे मुख्य कारण मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीच्या धाब्याचे ओझे हे होते. दोन्ही घटनांचा बोध एकच. जमीन कोणती आणि तिच्यावर काय उभे केले, या दोहोंचा विचार एकत्रच झाला पाहिजे.

ग्रामपंचायतीने काय करावे?

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पुढील गोष्टी कोणत्याही गावाला करता येतील.

पहिली गोष्ट, गावनकाशावर सर्व जुन्या विहिरी, आड, पेवे, बुजलेले ओढे आणि तळी यांच्या खुणा कराव्यात. वृद्ध ग्रामस्थांना विचारून शाळेतील विद्यार्थी ही माहिती एका सत्रात गोळा करू शकतील. भूगोल आणि इतिहास या दोन्ही विषयांचा तो उत्तम पाठ ठरेल.

दुसरी, विहीर अथवा विंधन विहीर घेताना किती खोलीवर कोणता थर लागला, याची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मार्गदर्शन याबाबत उपयोगी पडेल.

तिसरी, सार्वजनिक इमारतीची जागा निश्चित करण्यापूर्वी चारही कोपऱ्यांवर चाचणी खड्डे घ्यावेत. एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्यात भराव लागला, तर अभियंत्याच्या सल्ल्यावाचून पुढे जाऊ नये.

चौथी, वापरात नसलेली विहीर शक्यतो बुजवू नये. कठडा व जाळी बसवून ती सुरक्षित करावी आणि योग्य असल्यास पुनर्भरणासाठी वापरावी. बुजविणे अटळच असेल, तर गाळ-कचरा काढून तळाशी स्वच्छ दगड आणि त्यावर मुरमाचे थर दाबत भरावेत. त्या जागेवर बांधकाम होऊ देऊ नये आणि दप्तरात तिचे स्थान कायम ठेवावे.

किल्ल्याची तटबंदी सर्वांना दिसते, म्हणून तिची आठवण राहते. भूमीखालचे दिसत नाही. त्याची आठवण नोंदवहीच ठेवू शकते. ही नोंदवही आज सुरू केली, तर उद्या त्या जागेवर शाळा बांधणाऱ्या पिढीला ती फार मोठे साहाय्य करील.