निकालावर मोजलेले अनुदान

प्राथमिक शाळेची योग्यता विद्यार्थ्यांच्या परीक्षेवरून ठरवावी आणि त्या योग्यतेचे मोल सरकारी खजिन्यातून रोख चुकवावे, ही कल्पना इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी १८६२ च्या सुधारित संहितेने अमलात आणली. सरासरी हजेरीवर दरडोई ४ शिलिंग, आणि वर्षभरात दोनशेहून अधिक वेळा हजर राहिलेल्या मुलामागे आणखी ८ शिलिंग, असा हिशेब असे. तथापि निरीक्षकासमोर वाचन, लेखन व अंकगणित यांपैकी ज्या विषयात ते मूल नापास होई, त्या प्रत्येकापोटी २ शिलिंग ८ पेन्स वजा होत. सहा वर्षांखालील बालकांना ही परीक्षा माफ होती; बाकीच्यांसाठी सहा इयत्ता बांधून दिल्या होत्या.

परिणाम अपेक्षितच झाला. इतिहास, भूगोल यांना अनुदान नसल्याने ते वर्गातून हद्दपार झाले, आणि नेमलेले पुस्तक पाठ करवून घेण्याची अशी चढाओढ लागली की पुस्तक उलटे धरूनही मुले अस्खलित ‘वाचीत’, असे सांगतात. स्वतः शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकतेवर आपल्या अहवालांतून, सरकारी नोकरीची तमा न बाळगता, वारंवार टीका केली. ती बहुतांशी अरण्यरुदनच ठरली. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत रुजली होती. इंग्लंडात मात्र १८९० च्या संहितेने तिचा कणा मोडला आणि त्या दशकाअखेर ती संपुष्टात आली.