सायनसचे ऑपरेशन पुन्हा का करावे लागते?

आमच्या ओळखीच्या एका भगिनीने भिशी उचलून सायनसचे ऑपरेशन केले. दीड वर्षात नाक पुन्हा चोंदले. "पैसे पाण्यात गेले," असे त्या म्हणतात. अशा घरांसाठी आम्ही हे लिहीत आहोत.

नाकाभोवतीच्या हाडांत पोकळ्यांच्या ४ जोड्या असतात. त्यांची तोंडे बंद झाली की आत शेंबूड साचतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनने तोंडे मोकळी होतात. पण अस्तराला सूज आणणारा आजार राहू शकतो. दमा, ॲलर्जी असेल तर नाकात मांस पुन्हा वाढू शकते. कधी मूळ तोंड उघडायचेच राहते, कधी जखम भरताना आतले भाग एकमेकांना चिकटतात. कधी वरच्या दाढेच्या मुळाशी पू असतो, तिकडे लक्षच जात नाही.

म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि औषधाचा फवारा मध्येच सोडू नये. पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे. घरात विडी-सिगारेट बंद करावी. दुसऱ्या ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी सी. टी. स्कॅन समोर ठेवून, "पहिले का फसले?" असे डॉक्टरांना विचारावे. तो आपला हक्क आहे. त्यात संकोच कसला?