शार्ङ्गदेवाच्या ग्रंथातलं शरीर आणि आजचा गळा

आमच्या वडोदऱ्यात जुन्या संगीताविषयी बोलायला उभं राहिलं की एक प्रश्न हमखास येतो : "रक्तदाबावर कोणता राग ऐकावा हो?" विचारणाऱ्याच्या घरी बहुधा कुणी आजारी असतं, म्हणून उत्तर जपूनच द्यावं लागतं. त्यासाठी मी शार्ङ्गदेवाकडे वळतो.

शार्ङ्गदेव देवगिरीचा, म्हणजे आजच्या दौलताबादचा. सिंघण यादवाच्या (इ. स. १२१० ते १२४७) पदरी तो हिशेबखात्याचा प्रमुख होता. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. आपण रोग्यांना औषधंही देतो, असं तो 'संगीतरत्नाकरा'च्या आरंभी सांगतो.

ग्रंथाचे अध्याय सात. पहिला स्वरांचा, पण स्वरांआधी येतं शरीर. गर्भ कसा वाढतो, हाडं, शिरा, धातू, त्रिदोष, सगळं. गाण्याच्या ग्रंथात हे कशाला? कारण त्याच्या मते नाद देहातच जन्मतो. मन अग्नीला चेतवतं, अग्नी वायूला ढकलतो आणि वायू वर चढताना हृदयात मंद्र, कंठात मध्य, मस्तकात तार असा नाद उमटतो. त्याने सांगितलेल्या हृदयातल्या बावीस नाड्या आजच्या शरीरशास्त्रात सापडणार नाहीत. तो भाग त्या काळाचा म्हणूनच वाचावा.

तिसऱ्या अध्यायाचं मात्र तसं नाही. तिथे आवाजाचे प्रकार वैद्याच्या भाषेत येतात : कफाचा खाहुल म्हणजे गोड-मऊ, पित्ताचा नाराट म्हणजे गंभीर, वाताचा बोंबक म्हणजे एरंडाच्या दांड्यासारखा पोकळ, आणि चौथा मिश्रक. पुढे गायकाचे पंचवीस दोष आहेत. दात आवळून गाणारा संदष्ट, तोंड भलतंच वासणारा कराली, कपाळाच्या-मानेच्या शिरा फुगवणारा झोंबक. हे दोष कानाआधी डोळ्यांना दिसतात. आजचे आवाजाचे उपचारतज्ज्ञसुद्धा जबडा आवळलाय का, मानेचे स्नायू ताणलेत का, हे पाहतातच. ग्रंथाचा आजचा उपयोग मला इथे दिसतो.

मग रोगावरचा राग? रत्नाकरात रागाचा रस, ऋतू, प्रहर दिलेले आहेत. रोगांचा तक्ता नाही. 'संगीतमकरंदा'त पाच स्वरांचे राग व्याधिनाशासाठी गावेत असं आहे खरं. हा ग्रंथ १९२० साली आमच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. संपादक मंगेश रामकृष्ण तेलंग; पुण्याच्या आनंदाश्रमाचा रत्नाकरही (१८९६-९७) त्यांनीच संपादला होता. पण मकरंदात त्याच दमात शत्रुनाशही सांगितला आहे! ही फलश्रुती झाली, औषधाची चिठ्ठी नव्हे.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगतो : आवडेल तो राग ऐका. मन निवतं, धास्ती कमी होते; रुग्णालयांतही उपचारांच्या जोडीला संगीत वापरतात. जोडीला, बरं का! गोळी बंद करू नका.

आणि घरात कुणी गाणं शिकत असेल, तर रियाजाला समोर आरसा ठेवा. मानेच्या शिरा फुगल्या की थांबा, पट्टी उतरवा. बसलेला आवाज तीन आठवड्यांत मोकळा झाला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.