हर्नडनच्या निळ्या पाखरांची राखण

परदेशात जाऊन वन्यजीवांची सेवा करायची म्हटले की आफ्रिकेतले हत्ती-सिंह आणि पैसे घेऊन तिथे नेणाऱ्या कंपन्या डोळ्यांपुढे येतात. मुलांकडे अमेरिकेला काही महिने राहणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना यासाठी इतके लांब जायला नको. व्हर्जिनियातील हर्नडनसारख्या गावाच्या आसपास, चालत फिरून आणि फारसा खर्च न करता करता येण्याजोगे एक काम आहे. ते म्हणजे ब्लूबर्डच्या घरट्यांची राखण.

ब्लूबर्ड हा चिमणीपेक्षा थोडा मोठा पक्षी. पाठ निळी, छाती तांबूस. तो झाडाच्या ढोलीत घरटे करतो, पण स्वतः ढोली कोरू शकत नाही. सुतार पक्ष्याने सोडलेली ढोली त्याला लागते. जुनी वाळलेली झाडे तोडली गेली, तशा ढोल्या कमी झाल्या. उरलेल्यांवर युरोपातून आणलेल्या दोन पक्ष्यांनी कब्जा केला. एक म्हणजे १८५१ मध्ये ब्रुकलिनला आणलेली घरचिमणी आणि दुसरा १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडलेला स्टार्लिंग. विसाव्या शतकात ब्लूबर्ड फारच कमी झाले.

त्यांना सावरणाऱ्यांत लॉरेन्स झेलेनी हे नाव मोठे. पोटोमॅक नदीपलीकडच्या मेरीलँडमधले हे शेतकी खात्याचे रसायनशास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनी बेल्ट्सव्हिल येथे लाकडी पेट्यांची रांग लावून तिची देखभाल केली. १९७८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी स्थापन झाली. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते! व्हर्जिनियाची स्वतंत्र सोसायटी १९९६ पासून आहे.

काम असे असते. पेटीचे भोक दीड इंचाचे ठेवतात, म्हणजे स्टार्लिंग आत शिरत नाही. खांबाला पत्र्याची नळी बसवतात, म्हणजे साप चढत नाही. वसंतापासून ऑगस्टपर्यंत आठवड्यातून एकदा पेटी हलकेच उघडून अंडी व पिल्ले मोजायची आणि वहीत लिहायची. अंडी बहुधा चार-पाच, फिकट निळी. सुमारे दोन आठवड्यांत पिल्ले निघतात. पिल्ले बारा-तेरा दिवसांची झाली की पेटी उघडायची नाही, नाहीतर ती घाबरून वेळेआधीच बाहेर उडी मारतात.

आता अवघड भाग. दीड इंचाच्या भोकातून चिमणी मात्र आत जाते, अंडी फोडते, कधी बसलेल्या मादीलाही मारते. म्हणून तिथे चिमणीचे घरटे काढून टाकतात. कायद्याने ते चालते. ब्लूबर्डच्या अंड्यांना मात्र हात लावता येत नाही. आपल्याला हे ऐकूनच कसेसे होते. नाशिकचे मोहम्मद दिलावर याच चिमणीला वाचवण्यासाठी झटतात आणि २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. पक्षी एकच, आपल्याकडे तो घरचा, तिकडे आणलेला. मादी आणि पिल्ले एकत्र घेऊ नयेत, ही तोराची आज्ञा (देवारीम २२) लहानपणापासून ऐकलेल्यांना हे काम जड जाईल. ज्यांचे मन धजत नाही त्यांनी ते गटप्रमुखावर सोपवावे आणि आपण मोजणी व नोंद करावी. नोंदींचीही तितकीच गरज असते.

जाण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाहुण्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. एरवी ज्याला पगार मिळतो असे काम फुकट करणेही अडचणीचे ठरू शकते, म्हणून आधी जाणकाराला विचारावे. गवतात गोचीड असतात व त्यांच्यापासून लाइम रोग होतो, तेव्हा पायमोजे विजारीवर ओढून घ्यावेत आणि घरी आल्यावर अंग तपासावे. फेरी शब्बाथला येत असेल तर रविवारची पाळी मागावी. एकट्याने जाऊ नये. नातवाला बरोबर घ्यावे. तो आपल्याला पक्ष्याचे इंग्रजी नाव सांगेल, आपण त्याला चिऊचे मराठी नाव सांगू.